बंपरवरचे पाहुणे

प्रल्हाद खिरे यांच्या गाडीच्या मागच्या बंपरवर, काळ्या प्लास्टिकवर, पॉलिशचा पांढरा डाग पडला आणि घासून निघायला त्याने साफ नकार दिला. आपण पाहुणे म्हणून आलो आहोत आणि पाहुण्यासारखेच जाऊ, असं त्याचं म्हणणं होतं.

यात डागाची काही चूक नव्हती. दसरा तोंडावर आलेला, म्हणून प्रल्हादरावांनी हौसेने मेणाचं पॉलिश आणलं आणि पत्र्यावर लावायचं ते प्लास्टिकलाही फासलं. डबीवर लिहिलेलं वाचायचं असतं, हे माणसाला डबी संपल्यावर आठवतं. पॉलिश वाळलं, पांढरं पडलं आणि मुक्कामाला राहिलं. साबणाचं पाणी झालं, जुना टूथब्रश झाला. शेवटी खोडरबर फिरवायला घेतलं, तेव्हा डागाने शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे आल्यागेल्याला असंच घासतात का?" प्रल्हादराव ओशाळले आणि त्यांनी खोडरबर खिशात घातलं.

पण इकडे जीव टांगणीला लागला होता. गाडी मुळात सासऱ्यांची, तासगावच्या नानांची. चालवता चालवता नानांना डुलकी लागायची. एकदा ते थेट उसाच्या फडात जागे झाले, तेव्हा त्यांच्या लेकीने, म्हणजे प्रल्हादरावांच्या सुमेधाने, रडून भेकून गाडी सांगलीला आणवली होती. नानांनी अट घातली, की दसऱ्याला येऊन गाडी बघणार आणि हेळसांड दिसली तर तिथूनच चालवत परत नेणार. नाना एकदा बोलले की बोलले.

"डाग गेला नाही तर माझे वडील जातील," सुमेधाने नवऱ्याला स्वच्छ सांगितलं.

शेजारच्या मालतीकाकूंनी तोड सुचवली. दाणे तेल सुटेपर्यंत कुटून लावा, मेण सुटतं. डागाला हा पाहुणचार फारच मानवला. दोन्ही वेळचं कूट अंगी लागून तो मऊ पडला, त्याच्या कडा सैल झाल्या आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण होऊन म्हणाला, की बराच मुक्काम झाला, आता निघावं म्हणतो.

सगळं रीतसर झालं. सुमेधाने त्याला दह्याचा ठिपका लावला. डाग उठला, बंपरच्या काठापर्यंत पोचला, आणि खिरे नवराबायको एका सुरात म्हणाले, "या हं पुन्हा."

डाग थांबला. एवढा आग्रह होतोय तर मोडवत नाही, असं म्हणून जागेवर येऊन बसला.

दुसऱ्यांदा निरोप देताना गप्प राहायचं ठरलं. दोघांनी ओठ घट्ट मिटले, तर वरच्या गॅलरीतून मालतीकाकू ओरडल्या, की असे धावतपळत काय जाता, सवडीने राहायला या. डाग राहिला. तिसऱ्या खेपेला प्रल्हादरावांनीच माती खाल्ली. पुढच्या वेळी घरच्यांनाही आणा, असं ते बोलून बसले. 'जा' म्हटलं की काम होणार होतं. पण ऐन सणात दारच्या पाहुण्याला जा म्हणायचं, आणि तेही पोटभर खाऊ घातल्यावर? जीभ काही रेटेना.

दसऱ्याला सकाळीच नाना आले. गाडीची दुसरी किल्ली त्यांच्या खिशात होती. गाडीला हार घातलेला होता, तो त्यांनी बाजूला सारला, चारी बाजूंनी फिरले आणि मागे येऊन थबकले. हे काय, असं त्यांनी विचारलं.

"पाहुणे आहेत, नाना," सुमेधाच्या तोंडून निघून गेलं.

डागाने नमस्कार केला. नाना तिथेच पायरीवर टेकले आणि विचारपूस सुरू झाली. कधी आलात, खाण्यापिण्याचं कसं. डागाने हातचं राखून न ठेवता सांगितलं, की रोज ताजं कूट मिळतं आणि निघतो म्हटलं तर मंडळी निघू देत नाहीत. नानांनी खिशातून किल्ली काढली. आता संपलं, असं प्रल्हादरावांना वाटलं. नानांनी आपट्याच्या पानासोबत ती किल्ली जावयाच्या हातावर ठेवली.

"डागाला एवढं जपता, मग गाडीची काय काळजी," ते म्हणाले. "राहू दे इथेच."

सुमेधा घरात जाऊन रडून आली आणि मग पुऱ्या तळायला बसली.

दुपारी प्रल्हादराव नानांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. उतरल्यावरही नाना गाडीमागेच घुटमळत होते. गाडी होती तेव्हा सकाळी पुसायला तरी काहीतरी होतं, असं ते पुटपुटले. मग बंपरपाशी वाकून जरा संकोचाने म्हणाले, "चार दिवस आमच्याकडे चला. मी एकटाच असतो. दाणे घरचेच आहेत."

डागाला आजवर दुसऱ्या कुणी बोलावलंच नव्हतं. त्याने प्रल्हादरावांचा निरोप घेतला, बंपरवरून सुटला आणि नानांच्या बॅगेच्या काळ्या प्लास्टिकच्या मुठीवर जाऊन बसला. मागे बंपर काळाभोर झाला.

नानांना खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरने त्यांचं ज्येष्ठांचं तिकीट दिलं आणि बॅगेकडे बोट करून विचारलं, "ह्यांचं वय?"

"आठवडा झाला असेल," नाना म्हणाले.

"मग तिकीट लागत नाही," कंडक्टर म्हणाला. "फक्त मांडीवर घ्या."

नानांनी बॅग उचलून मांडीवर घेतली आणि मुठीला ऊन लागू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढला.