परत द्यायचं म्युझियम

आमचे शेजारी भूपाल मगदूम, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, जेवायला बसले की आधी वाटी वाचतात.

वाचतात म्हणजे खरोखरच वाचतात. आमच्या वास्तुशांतीला अण्णा पहिल्या पंगतीत होते. त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घातलेली आमटी मी वेगळी केली होती आणि ती कशी झाली हे ऐकायला तिथंच घुटमळत होते. अण्णांनी वाटी एका दमात रिकामी केली, डोक्याच्या वर धरली, चष्मा कपाळावर सारला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "चि. विद्यास, ऑक्टोबरची दहावी पास झाल्याबद्दल, काकाकडून!"

विद्या म्हणजे मी. मार्चमध्ये माझी दहावी गचकली होती, ही गोष्ट मी सासरी, शाळेत आणि स्वतःच्या पोरीपासून जन्मभर लपवली होती. पुढे भूगोलाची बाई होऊन दोन पिढ्यांना नापास करण्याचा अधिकारही मिळवला. ते सगळं अण्णांनी आमटीच्या एका वाटीत बुडवलं. वर शांतपणे म्हणाले, "बाई, काका सरळ माणूस दिसतोय. कुणी ऑक्टोबर लिवत न्हाय."

अण्णांची पेठेत पिठाची गिरणी होती. गिरणीवर डबे येतात ते नावाचे. सगळा जन्म त्यांनी डब्यांवरची नावं मोठ्यानं वाचून हाका मारल्या, "ओ पाटील वहिनी, जुंधळं झालं बघा!" दिसलं नाव की वाचायचं आणि वाचायचं ते गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं, हे त्यांच्या अंगातच मुरलं. पुढं अण्णांच्या पत्नी वारल्या, मुलगा बेंगळुरूला गेला, गिरणी बंद पडली. सवय मात्र तशीच राहिली.

त्या बंद गिरणीत आता अण्णांचं म्युझियम आहे. गिरणीच्या जुन्या पाटीखाली खडूनं लिहिलंय, 'नावाच्या भांड्यांचं म्युझियम'. आणि आत शिरताना दुसरी पाटी: 'हात लावावा. उचलून बघावे. आपले असल्यास न्यावे.'

लोक जुनी पितळी भांडी मोडीत देतात आणि नवं स्टील नेतात. दुकानदार ती वितळवायला पाठवायच्या आत अण्णा तिथं हजर असतात. मोडीच्या ढिगात हात घालून नाव घातलेलं भांडं उचलायचं, वजनाच्या भावानं घ्यायचं, चिंचेनं घासायचं आणि मांडायचं. मांडणीही नात्यांप्रमाणे. मामांचा विभाग सगळ्यात मोठा, कारण मामा लोक घंगाळ आणि पराती देतात. मावश्यांच्या वाट्या आणि तांबे. आत्यांचा विभाग लहान, आणि अण्णांच्या मते भांडी जरा पातळ. एका फळीवर नुसत्या 'मित्रमंडळाकडून' आलेल्या गोष्टी आहेत. त्यात कामाचं एकही भांडं नाही, सगळी फुलदाणीच्या जातीतली.

"या पावणं! तुमचं आडनाव काय? चौगुले? मग त्या खांबाकडं बघा, तिथं तिघं चौगुले हायत," असं स्वागत होतं. गावाकडून बाजाराला आलेली माणसं हसत हसत आत शिरतात आणि खरंच शोधायला लागतात. एखाद्याला आजीचं नाव सापडतं. मग तो माणूस तांब्या हातात घेतो, त्या ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहतो. अण्णा त्याला तो तांब्या कागदात गुंडाळून देतात. पैसे विचारले तर रागावतात. "नाव हाय म्हंजे मालक हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मला त्या गिरणीत बसायला आवडतं. माझ्या लहानपणी भांड्यांच्या दुकानाबाहेर नाव घालणारा बसायचा, आणि छिन्नीच्या टकटकीत आपलं नाव उमटताना बघायला आम्ही पोरी श्वास रोखून उभ्या राहायचो. नाव आलं की ते भांडं आपलं. आता पत्रिकेतच 'कृपया आहेर आणू नये' छापतात. बरोबरच आहे, फ्लॅटमध्ये घंगाळ ठेवणार कुठं? पण आपल्याला कुणी, कधी, कशासाठी काय दिलं, हे घरात रोज हाताखालून जायचं, ते गेलं. त्याचं मला वाईट वाटतं.

मालक आला नाही तर अण्णा स्वतः निघतात. जुन्या मोपेडवर पुढं भांडं, मागं जेवणाचा डबा, कारण सूर्य मावळल्यावर ते जेवत नाहीत. एकदा एका घंगाळावर मुरगूडचं नाव निघालं, 'सासूबाईंकडून'. अण्णांनी गाव पालथं घालून घर शोधलं. दार सुनेनं उघडलं आणि घंगाळ बघून ती पांढरीफटक पडली. अण्णांना वाटलं, बाईला भरून आलं. म्हणून त्यांनी नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. तेवढ्यात आतून सासूबाई आल्या.

"अगं बया! ह्ये चोरीला गेलं म्हणालीस की!"

त्या घंगाळापायी सासूबाईंनी दोन वर्षं दूधवाल्याशी वैर धरलं होतं. अण्णांनी चहासुद्धा घेतला नाही. "बाई, आपलं काम परत द्यायचं," परत आल्यावर ते मला म्हणाले. "भांडण त्येंचं त्येंनी बघावं." पुढच्या महिन्यात ते घंगाळ पुन्हा मोडीत सापडलं. अण्णांनी ते मुकाट्यानं मामांच्या विभागात, इतर घंगाळांच्या मागं ठेवून दिलं.

या म्युझियममध्ये दोन गोष्टी मात्र पाटीला सोडून आहेत. एक म्हणजे 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं भांडं अण्णा घेत नाहीत. मोडीत दिसलं तर हात मागं घेतात. आणि दुसरी, जात्याच्या दगडाशेजारी चौरंगावर ठेवलेली तांब्याची कलशी. तिच्यावर टॉवेल असतो. तिला हात लावायचा नाही.

तिच्यावरचं नाव सगळ्या पेठेला पाठ आहे. 'अक्काताईस, भूपालकडून.' अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, कुरुंदवाडला दिलेली. अण्णांनी पहिल्या कमाईतून तिच्या लग्नात दिलेली ही कलशी. ती परत आली, त्याला तेरा-चौदा वर्षं झाली असतील.

झालं असं, की अक्कांच्या मुलीचं लग्न होतं. अण्णा मामा, म्हणजे मानाचे. आहेर मांडला होता. अण्णांचा हात तिथं गेल्याशिवाय राहतो होय? त्यांनी एकेक भांडं उचलून वाचायला सुरुवात केली, लोकांनाही गंमत वाटायला लागली. मग एक मोठी पितळी परात आली. 'आईकडून.' अण्णांनी ती कौतुकानं फिरवली, तर काठाच्या आतल्या बाजूला जुनी, झिजलेली अक्षरं. जिभेला आवर घालायच्या आत ती हॉलभर वाचून झाली होती: "कै. बाळाप्पा यांच्या स्मरणार्थ!"

लग्नाच्या मांडवात कैलासवासी! व्याही मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. अक्का खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणात त्यांचं घर धुऊन निघालं होतं आणि माहेरी त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. मोडीतली परात घेऊन, चकचकीत करून, वर नवं नाव घालून त्यांनी लेकीपुढं ठेवली होती. ते झाकलेलं सगळं सख्ख्या भावानं ओरडून उघडं केलं. लग्न पार पडलं, पण आठवडाभरात एका पाहुण्याच्या हातून कलशी अण्णांच्या दारात आली.

त्याच वर्षी हे म्युझियम सुरू झालं.

"जाऊन या की एकदा," असं मी त्यांना दर दिवाळीला सांगत आले. भाऊबीजेला हा माणूस पहाटे अंघोळ करून, नवा सदरा घालून उंबऱ्यावर बसतो आणि दुपारी सदरा घडी करून ठेवून देतो. मला ते बघवत नाही.

"बाई, हितं हाय तवर कलशी अक्काची हाय," ते म्हणायचे. "नेली आन तिनं घेतली न्हाय, मग ती कुणाची?"



परवा माझी मुलगी मुक्ता आली. ती परदेशात असते आणि सुट्टी मिळाली की चित्रविचित्र म्युझियम बघत हिंडते. मी तिला गिरणीत नेलं. ती मोबाइलवर फोटो दाखवायला लागली आणि अण्णा चष्मा कपाळावर सारून बसले.

"अण्णा, हे फक्त छत्र्यांच्या खोळींचं म्युझियम."

"आन छत्र्या कुठं हायत्या?"

"छत्र्या नाहीत. नुसत्या खोळी."

"मग त्यो माणूस पावसात काय करतोय?"

मग एका गुहेतलं केसांचं म्युझियम निघालं. छतापासून लोंबणाऱ्या हजारो बायकांच्या बटा, प्रत्येकीला नाव-पत्त्याची चिठ्ठी. अण्णा एकदम सावध झाले. "नाव हाय? पत्ता बी हाय? आन परत देत न्हाईत?" केस परत घेऊन बाई काय करणार, हे मुक्तानं समजावलं, पण त्यांना ते पटलं नाही. वाईट चित्रांच्या म्युझियमला आमच्या सोसायटीच्या गणपतीची आरास पाठवावी असं त्यांचं मत पडलं. शेवयांच्या म्युझियमबद्दल त्यांनी एवढंच विचारलं की जेवायला घालतात का. प्रत्येक ठिकाणाबद्दल त्यांचा शेवटचा प्रश्न तोच, "परत देत्यात काय?" आणि प्रत्येक वेळी मुक्ता नाही म्हणायची.

"आणि हे बघा, हे मोडलेल्या नात्यांचं. नवरा-बायको, मित्र, भावंडं, ज्यांचं फाटलं त्यांनी एकमेकांच्या वस्तू इथं आणून दिल्यात. कुणाचा बूट, कुणाची बाहुली. खाली काय झालं ते लिहिलंय."

अण्णांनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. काचेमागं कुणाची तरी किटली होती.

"ह्ये न्ह्यायला कोण येतंय का?"

"नाही हो अण्णा. लोक तिथं ठेवायलाच येतात."

"म्हंजे कायमचं?"

"कायमचं."

अण्णांनी मोबाइल तिच्या हातात दिला. "मग ह्ये म्युझियम न्हवं, पोरी. ही अडगळ हाय," म्हणाले आणि उठून आत गेले. मुक्ताला वाटलं आपलं काही चुकलं. मला मात्र ते कलशीवरचा टॉवेल बाजूला काढताना दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आमच्या फाटकात उभे. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, काखेत घासूनपुसून लख्ख केलेली कलशी.

"बाई, गाडी काढा. आज मोपेड नगं."

कुरुंदवाडपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस होता आणि एरवी दुकानांच्या पाट्या वाचत जाणारा हा माणूस मांडीवरची कलशी रुमालानं पुसत बसला. मी काही विचारलं असतं तर ते वाटेतून परत फिरले असते, अशी मला भीती होती.

अक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. वाळकी, ताठ बाई. भावाला बघून हात थांबला, पण उठल्या नाहीत. अण्णांनी कलशी त्यांच्यापुढं ठेवली आणि दोन पावलं मागं सरकून उभे राहिले.

"कशाला आणलीस?"

"तुझी हाय."

"वाचून दाखव की मग. तुला वाचायची लई हौस."

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "चुकलं माझं, अक्का. वाचाया नगं हुतं मी."

"वाचलंस त्यात चूक न्हवती. लिवलेलं हुतं, वाचलंस. मोठ्यानं वाचलंस, ते चुकलं." अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि मग एकदम आवाज चढवला. "आन कलशी पाठिवली तवा आत काय हुतं, बघितलंस का?"

अण्णा गोंधळले. "तांदूळ हुतं मूठभर. कलशीत कुठनं आलं म्हून मी... मी चिमण्यास्नी घातलं."

"चिमण्यास्नी!" अक्कांनी कपाळावर हात मारला. "अरे, नातं तोडायचं असतं तर मोकळी पाठिवली असती की! भांडं भरून दिलंय म्हंजे माणूस परत येनार, एवढं बी कळंना तुला? म्हटलं, येईल चार दिसांत कलशी घेऊन. चार दिस! तुझं भाऊजी तुझी वाट बघत गेलं रे."

घरी आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतं. शेजारणीचा डबासुद्धा आपण चिमूटभर साखर घालून पाठवतो. मलाही रडू आलं. अण्णा तर तुळशीपाशी मटकन खाली बसले आणि टोपी तोंडावर धरून हुंदके द्यायला लागले.

अक्कांनी थोडा वेळ त्यांना रडू दिलं. मग कलशी जवळ ओढली, हात घालून बघितलं आणि पालथी केली. आतून काहीच पडलं नाही.

"आन तू मोकळीच घेऊन आलास व्हय रे?"

अण्णांनी टोपी खाली घेतली. खिसे चाचपले. रुमाल निघाला, चष्म्याचं घर निघालं. मग ते उठले आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दिशेनं निघाले. आधी चालत आणि मग, सत्तरी उलटलेला तो माणूस, चक्क पळत.

"अहो, पडतील ते," मी म्हणाले. "मी आणते साखर."

"पळू दे त्याला जरा," अक्का म्हणाल्या. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन तिघांच्या चहाचं आधण गॅसवर चढवलं. साखरेचा डबा फळीवर समोरच होता. त्याला त्यांनी हात लावला नाही.