बक्षिसाचा पिक्चर आणि साक्षीदार उंट

जावयाचं मन कसं राखायचं, हे अख्ख्या तीर्थपुरीनं आपल्याकडून शिकावं, असं कडूबाचं प्रामाणिक मत होतं. जावई एकच, तोही नवा कोरा, तरी मत पक्कं!

साल अठ्ठ्याऐंशी. धोंड्याचा महिना लागला आणि नंदा नवऱ्याला घेऊन माहेरी आली. जावईबापू धर्मराज मूळचे धावड्याचे, पण आता औरंगाबादला कॉलेजात शिकवायचे आणि रविवारच्या पेपरात पिक्चरवर लिहायचे. लिहायचे म्हणजे काय, सोलून काढायचे! कडूबा तो पेपर न्हाव्याच्या दुकानात मन लावून वाचायचा. कारण जावयानं ज्या पिक्चरला झोडपलं, तो त्याला हमखास आवडायचा. 'मारामारीचा अतिरेक' असं वाचलं की तो जालन्याच्या एस.टी.ची चौकशी करायचा. 'रडारड असह्य' असं असेल तर बायकोलाही सोबत न्यायचा.

त्या उन्हाळ्यात उंटाचा पिक्चर लागला होता. हरवलेले दोन भाऊ, आंधळी आई, आणि खुनाचा एकमेव साक्षीदार उंट. शेवटी उंट कोर्टात येतो, बरोबर खुन्यासमोर उभा राहतो आणि त्याच्या तोंडावर थुंकतो! जावईबापूंनी लिहिलं होतं, 'या चित्रपटात बुद्धी असलेला एकमेव कलाकार चार पायांचा आहे.' कडूबाला ती उंटाची तारीफ वाटली आणि तो धावत जाऊन बघून आला. रडला. पुन्हा बघायचा बेत होता, तेवढ्यात धोंड्याचा महिना आला.

"दादा, ह्यांच्यापुढं उंटाचं नाव काढू नका," नंदानं आल्या आल्या बजावलं. "गावंढळ म्हनतील आपल्याला. मला जल्मभर ऐकून घ्यावं लागंल."

"अगं, तुझा बाप अडाणी हाय का? असा पिक्चर दाखवतो जावईबापूला, का नाव काढतील!"

पेपरात शोधून शोधून त्यानं जावयानं वाखाणलेला पिक्चर काढला. त्याला दिल्लीचं बक्षीस होतं. खाली जावयाचेच शब्द होते, 'अवश्य पाहावा.' बस्स! कडूबा, जावई, बायको उषाबाई, नंदा आणि शेजारची साळूबाई, अशी सगळी वरात दुसऱ्या दिवशी जालन्याला निघाली.

नथमलशेटच्या थेटरात तो पिक्चर होता. दुसऱ्या एका चालणाऱ्या पिक्चरबरोबर वितरकानं तो त्यांच्या गळ्यात बांधला होता आणि आता रविवारपर्यंत उतरवताही येत नव्हता. मधे एक बोळ आणि पलीकडच्या थेटरात उंट! पोस्टरवर आडवी पट्टी चिकटवलेली: आज शेवटचा दिवस. उद्या उंट परभणीला जाणार होता. कडूबानं ती पट्टी दोनदा वाचली. पण त्यानं मान फिरवली.

"कडूबा, तुमी? ह्या पिक्चरला?" नथमलशेट खिडकीतून म्हणाले. "रस्ता चुकले काय?"

"जावईबापू आलेत."

"अच्छा, अच्छा," शेट म्हणाले आणि त्यांनी फार हळहळून तिकिटं फाडली.

तेव्हाची थेटरं म्हणजे काय सांगावं! पायाखाली शेंगांची टरफलं, मागं फिरणाऱ्या पंख्याचा खडखडाट, आणि उन्हाळ्यात वारा यावा म्हणून काळ्या पडद्यांमागची दारं सताड उघडी. आता गारेगार हॉलमध्ये मऊ खुर्चीत बसतो आपण, पण तो आनंद काही येत नाही. मात्र त्या दिवशी त्या उघड्या दारांनीच घात केला.

पिक्चर सुरू झाला. एक म्हातारा विहिरीत बघत होता. बराच वेळ बघत होता. मग घरी गेला, भाकरी खाल्ली आणि परत येऊन विहिरीत बघू लागला.

"काय हरपलंय ह्येचं?" उषाबाईनं विचारलं.

"चूप! बक्षीस भेटलंय."

"म्हाताऱ्याला का विहिरीला?"

एवढ्यात बोळापलीकडून आवाज आला: ढिशांव! मग काचा फुटल्या. मग आंधळ्या आईचा हंबरडा! इकडचा पिक्चर इतका गप्प होता, की तिकडचा सगळा ऐकू येत होता. डोळ्यांपुढं विहीर आणि कानात उंटाच्या घुंगरांचा छुमछुम. भर उन्हात उपाशी माणसाला शेजारच्या घरातला फोडणीचा वास यावा, तशी कडूबाची गत झाली!

मध्यंतरात बायका उठल्या. "डोकं धरलंय आमचं. भाईर सावलीला बसतो," असं म्हणून ज्या गेल्या, त्या गेल्या. पुरुष मात्र शेवटपर्यंत बसले. शेवटी म्हाताऱ्यानं विहिरीत एक खडा टाकला आणि दिवे लागले.

"कसा वाटला, जावईबापू?"

"छान. फारच छान," जावई म्हणाले. पेपरात तसं छापून आलेलं. आता माघार कशी घेणार?

इथं कडूबाच्या घरची रीत आडवी आली. धोंड्याच्या महिन्यात जावयानं 'छान' म्हटलं, की ते पुन्हा वाढायचं. तो 'नको' म्हणाला तर दुप्पट वाढायचं.

"मंग आजून एकदा बघू!"

"नको नको, मामा! खरंच नको!"

"लाजता काय? बसा जागेवर! शेट, अजून दोन!"

पुन्हा म्हातारा. पुन्हा विहीर. हॉलमध्ये हे दोघं आणि मागं कोणीतरी घोरणारा. कडूबाला वाटत होतं, जावई रंगून गेलाय. जावयाला वाटत होतं, सासरा रंगून गेलाय. दोघंही एकमेकांसाठी विहिरीत बघत राहिले.

आणि बोळापलीकडून घुंगरं वाजली. उंट कोर्टात आला होता! वकील गरजला, "मी लॉर्ड, यह जानवर बोल नहीं सकता..."

कडूबाला राहवलं नाही. तो अंधारात वकिलाबरोबर पुटपुटला. आणि शेजारच्या खुर्चीतून पुढचं वाक्य आलं, "मगर भूल भी नहीं सकता!"

कडूबा चमकला. "जावईबापू, तुमाला कसं ठावं?"

धर्मराजांनी मागं घोरणाऱ्याकडं एकदा वळून बघितलं. मग हळूच म्हणाले, "तीनदा बघितला, मामा. तोंडाला रुमाल बांधून."

"आन् पेपरात?"

"पेपरात असं लिहावं लागतं. न्हाईतर लोक म्हणतात, ह्याला काय कळतं?" कॉलेजची भाषा गळून पडली आणि धावड्याची बाहेर आली. "पण मामा, उंट थुंकून राह्यला ना, तवा म्या बी खुर्चीवर उभा राह्यल्तो!"

कडूबाला भरून आलं. एवढा शिकलेला जावई, आणि किती आपला निघाला! "आरं मंग बसून काय राह्यलो आपुन? चला जल्दी!"

दोघं बोळातून पळत सुटले. कडूबाचं धोतर दारात अडकलं, जावयाची चप्पल मागं राहिली. पलीकडच्या दारापाशी पोचले, तर पडदे बाजूला झाले आणि माणसं डोळे पुसत बाहेर आली. सगळ्यात पुढं उषाबाई, नंदा आणि साळूबाई! तिघींचे पदर ओले.

"तुमी हितं?" कडूबा ओरडला.

"सावलीलाच बसलो व्हतो," उषाबाई नाक शिंकरत म्हणाली. "आत सावली बरी व्हती. तुमी कशाला आले?"

नंदानं बापाकडं डोळे वटारून बघितलं. जावयाची अब्रू राखायला हवी होती. "तुमालाच हुडकायला," कडूबा म्हणाला.

संध्याकाळचा खेळ बघावा, तर तीर्थपुरीची एस.टी. चुकत होती. उंट परभणीला निघाला आणि हे गावाकडं.

एस.टी.त सासरा-जावई मुद्दाम मागच्या बाकावर बसले. धर्मराजांनी कुजबुजत पहिल्यापासून पिक्चर सांगायला घेतला. आई केली, दोघं भाऊ केले, वकील केला, उंटही केला! कडूबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एवढा गोड प्रवास त्यानं पुन्हा कधी केला नाही.

उषाबाईनं वळून बघितलं. "काय झालं हो? रडून राह्यले?"

कडूबानं जावयाकडं बघितलं. जावयानं मान खाली घालून डोळ्यांना रुमाल लावला.

"त्यो म्हातारा," कडूबा म्हणाला. "विहिरीवरचा."

उषाबाई पुरती मागं वळून बसली. तिला मनापासून वाईट वाटलं. "दोघं दोघं रडतात म्हंजी पिक्चर लई भारी असंल. म्याच मधून उठले, चुकलं माझं." मग तिनं पदर खोचला. "जावईबापू, उद्या तुमी औरंगाबादला जायाचं न्हाई बिलकुल. सकाळच्या यष्टीनं परत जालन्याला जाऊ आन् त्यो विहिरीचा पिक्चर तुमी मला समदा समजून सांगा!"

"नको नको, मामी..."

"लाजता काय!" उषाबाई म्हणाली.