डावी केशरी, उजवी पोपटी

दातांच्या डॉक्टरीणबाई दुकानाच्या दाराशी एका पायावर उभ्या होत्या आणि आई त्यांना समुद्र समजावून सांगत होती. त्या गावाने समुद्र पाहिला होता तो फक्त कॅलेंडरवर. आईने तर तोही धड पाहिला नव्हता. दुकानातल्या कॅलेंडरपुढे कायम चपलांच्या खोक्यांची चळत असायची.

"डावा पाय म्हणजे मावळता सूर्य," आई म्हणाली, "आणि उजवा म्हणजे किनाऱ्यावरची झाडी. चालताना बघा, आधी सूर्य पुढे, मग झाडी पुढे. यंदाच्या उन्हाळ्यात तिकडच्या बायका हेच घालताहेत."

"पण दोन पायांत दोन रंग?"

"एका रंगाचं आता कोण घालतं हो? गेल्या वर्षीच गेलं ते."

गल्ल्यामागे उभ्या असलेल्या लेकीने मान खाली घातली आणि ती मागच्या खोलीत निघून गेली. खरी गोष्ट तिला ठाऊक होती. घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात माल भरताना घोळ झाला होता. केशरी सँडल्सपैकी नुसत्या डाव्या आणि पोपटींपैकी नुसत्या उजव्या या दुकानात येऊन पडल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या कुठल्या गावाला गेल्या, ते व्यापाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. लेकीने माल परत पाठवायचं ठरवलं आणि ती चिकटपट्टी शोधायला लागली. चिकटपट्टी सापडेपर्यंत आईने शेजारच्या शिंपीणबाईंना पहिला जोड विकलासुद्धा होता.

लेक पादत्राणांच्या डिझाइनचा अभ्यासक्रम पुरा करून आली होती. आईला चपलांमधलं तसं काहीच कळत नसे. टाच निखळली तरी ती पायाला दोष देई. पण गिऱ्हाईक उंबरठ्यावर आलं की तिच्या जिभेवर जे काही येऊन बसे, त्याला कुठल्याही अभ्यासक्रमात जागा नव्हती.

सँडलच्या जोडीला तिने बीच बॅगाही खपवल्या. टोपलीएवढ्या मोठ्या, दोन दांड्यांच्या, आणि वाळू गळून जावी म्हणून तळाला जाळी. या गावात वाळू होती ती फक्त बांधकामांवर, त्यामुळे जाळीतून गळायचं ते बाकीचं सगळं. बँकेत रोखपाल असलेल्या बाई घराची किल्ली रस्त्यात पडली म्हणून तक्रार घेऊन आल्या, तेव्हा आईने बॅग उलटीसुलटी करून पाहिली आणि कौतुकाने म्हणाली, "बघा, जाळी किती छान काम करतेय!" बाई दुसरी बॅग घेऊन गेल्या. बहिणीसाठी.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी सूर्य आणि झाडी दोन्ही पायांत घातली आणि खूश होऊन गेल्या. त्यांच्या पाठोपाठ फोन वाजला. व्यापारी होता. चुकलेल्या अर्ध्या सापडल्या होत्या. ज्या दुकानदाराकडे त्या गेल्या होत्या, त्याच्याकडे त्यातली एकही खपली नव्हती. "तुमच्याकडेच धाडतो," तो म्हणाला, "जोड्या लावा आणि विषय मिटवा."

लेकीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. "आई, माल आला की मी एकेकीला बोलावून खरं काय ते सांगणार आहे. प्रत्येकीची जोडी नीट करून देणार."

"आणि मावळत्या सूर्याचं काय सांगशील?"

"थाप होती म्हणून सांगेन. आई, कधीकधी मला तुझी लाज वाटते."

"वाटू दे," आई म्हणाली. "दुकानात एकीला तरी वाटायला हवी."

आणि तिने शटर खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. आयुष्यात आईने गुपचूप केलेली ही एकच गोष्ट.

घर दुकानाच्या वर होतं आणि जिना अरुंद. भेटायला येणाऱ्या बायका खाली पायऱ्यांशी सँडल काढून वर येत, लेकीचा हात हातात धरून बसत, डोळे पुसत आणि खाली जात. खाली मात्र यंदाची फॅशन पसरलेली होती. जिकडेतिकडे डावी केशरी, उजवी पोपटी. डोळे ओले, जिन्यात अंधार. प्रत्येकीने एक केशरी आणि एक पोपटी पायात सरकवली. जोडी जुळल्याची खात्री पटायला तेवढं पुरेसं होतं.

मग दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसे फोन सुरू झाले.

"ताई, अशा वेळी विचारू नये," रोखपालबाई चाचरत म्हणाल्या, "पण माझा डावा पाय तुमच्याकडे राहिलाय का हो?"

डॉक्टरीणबाईंचा डावा पाय चार नंबरच्या सँडलमध्ये अडकला होता आणि उजवा सात नंबरच्या सँडलमध्ये पोहत होता. "पेशंट मला खुर्चीवर बसवायला बघतात," त्या म्हणाल्या.

शिंपीणबाईंनी हा गुंता आपल्या हाताने सोडवायचं मनावर घेतलं. त्यांनी रोखपालबाईंशी डावी बदलली, मग डॉक्टरीणबाईंशी उजवी. संध्याकाळपर्यंत तिघींच्याही पायांत जे होतं ते आधीच्यापेक्षा वाईट होतं आणि आपली मूळची कुठली, हे एकीलाही आठवत नव्हतं. शेवटी लेकीने सगळ्यांना दुकानात बोलावलं.

बायका यायच्या त्याच दिवशी सकाळी व्यापाऱ्याचं खोकं येऊन पडलं. उजव्या केशरी, डाव्या पोपटी. लेक त्या खोक्यापुढे बसली. आता खरं सांगायचं, तर ज्या बाईला उलटून बोलता येणार नाही तिला चारचौघींत खोटं पाडायचं. न सांगावं, तर जन्मभर तो मावळता सूर्य सांभाळायचा. आणि आईशी आपण बोललेलं शेवटचं वाक्य 'लाज वाटते' हे होतं, त्याचं काय करायचं ते तर कुणालाच विचारता येत नव्हतं.

दुपारी बायका आल्या. मधे सँडल्सचा ढीग, भोवती बाकांवर अनवाणी बायका. सुरुवातीला सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या. पण हळू आवाजात पाय कोंबता येत नाहीत.

"ही माझी नाही. माझा अंगठा हिला ओळखत नाही."

"अहो, तो माझा पाय आहे. तुमचा पलीकडे."

"थांबा, ओढू नका! सँडल तुमची असेल, करंगळी माझी आहे!"

एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. आणि मग लेकीकडे लक्ष गेलं तशा सगळ्या एकदम चूप झाल्या. रोखपालबाईंनी तर तोंडावर पदर धरला.

तीच वेळ होती. लेकीने खोकं पुढे ओढलं आणि उघडलं.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "ही फॅशन वगैरे काही नव्हती. गोदामात माल चुकला होता. समुद्राकाठी असं कुणी घालत नाही. आईने थाप मारली होती. या बघा तुमच्या खऱ्या जोड्या. प्रत्येकीने आपापली बदलून न्या."

शिंपीणबाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं.

"बरं मग?" शिंपीणबाई म्हणाल्या. "आम्हाला काय दिसत नव्हतं होय?"



"मी दिवसभर नोटा तपासते," रोखपालबाई म्हणाल्या. "मला खोटं ओळखता येत नाही?"

"माझ्याकडे येणारा प्रत्येक जण सांगतो, दोन वेळा दात घासतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या आईची थाप निदान ऐकावीशी तरी वाटायची."

"पण मग घेतल्या कशाला?"

"अगं, माझ्या नवऱ्याला मला पाय आहेत हेसुद्धा ठाऊक नाही," शिंपीणबाई म्हणाल्या. "आणि तुझी आई या असल्या भेगाळलेल्या पायांसाठी सूर्य काय मावळवते, झाडी काय लावते! माझ्यासाठी एवढी मेहनत कोणी घेतलीय? मी म्हटलं, बाई इतकं मनापासून खोटं बोलतेय, तर आपण दोन पावलं चालायला काय हरकत आहे?"

आपली सँडल बदलून घ्यायला एकही तयार होईना. उलट डॉक्टरीणबाईंनी वाकून खोक्यातून एक डावी पोपटी उचलली, एक उजवी केशरी उचलली आणि शेजारी शेजारी धरली.

"आणि मग या उरलेल्या म्हणजे काय?"

"उगवता सूर्य असेल," शिंपीणबाई म्हणाल्या.

"डावीकडची झाडी आधी कशी?"

"भरती आली असेल."

"झाडांना?"

प्रश्न अडला तशा सगळ्यांनी लेकीकडे पाहिलं. या दुकानात अशा प्रश्नांची उत्तरं मिळतात, याची त्यांना सवय होती. लेकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि एकदम खाली बाकावर बसली. तिचे खांदे हलायला लागले. शिंपीणबाई घाईघाईने उठून जवळ आल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पोरगी हसतेय. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हसतच होती. पोट धरून.

"रडली असतीस तर सोपं होतं गं," शिंपीणबाई म्हणाल्या. "हे काय?"

"आईने असं काही सुरू केलं की मी मागच्या खोलीत जायचे," लेक म्हणाली. "तिला वाटायचं, मी चिडून गेले. मावशी, मी हसायला जायचे हो. तोंडात ओढणी कोंबून, खोक्यांच्या आड उभी राहून हसायचे. मग तोंड धुऊन, कपाळाला आठी घालून बाहेर यायचे. एवढी वर्षं. मला तिची एकेक थाप पाठ आहे. एकदासुद्धा तिच्यासमोर हसले नाही मी."