अकरा मात्रांची शांतता

"गाणारा कुठंय?" क्लबच्या मालकाने तिसऱ्यांदा विचारलं.

"गाणारा नाहीच. आम्ही नुसतं वाजवतो," गिटारवाला धाकटा म्हणाला.

"मग लोकांशी बोलणार कोण?"

"आमचं संगीत बोलतं," असं म्हणून धाकट्याने स्टेजच्या मधोमध उभा केलेला माईक उचलून मालकाच्या हातात दिला. प्रोग्रेसिव्ह मेटलसारखं लांबलचक, अवघड रॉक संगीत वाजवणाऱ्याला एवढा माज असायचाच, पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परदेशातला हा त्यांच्या बँडचा पहिला कार्यक्रम. तळघरातला हॉल, माणसं जेमतेम पन्नास. त्यातल्या एकाच माणसासाठी धाकट्याचा जीव टांगणीला लागला होता. त्याची ताई याच शहरात नर्स होती. आईच्या शेवटच्या आजारात सगळं तिने एकटीने निस्तरलं. हा तेव्हा गिटार घेऊन दौऱ्यावर. पुढे ताई इकडे निघून आली, आणि सहा वर्षांत माफी मागायला याचं तोंड काही उघडलं नाही. म्हणून त्याने चौदा मिनिटांची रचना केली. शेवटच्या तीन मिनिटांत, आई ओट्याशी गुणगुणायची ती चाल होती. माफी काय ती तिथे होती.

"सातची ड्यूटी आहे रे. साडेसहाला निघेन," ताईने फोनवर बजावलं होतं. म्हणून शेवटी वाजवायची ती रचना त्यांनी सव्वासहाला पहिलीच घेतली.

"मधल्या अकरा मात्रा पूर्ण शांत," ड्रमवाल्याने पुन्हा दम भरला. त्याला सगळे घड्याळ म्हणत. "कुणी मेलं तरी बाराव्या मात्रेला आत यायचं."

अकरा मिनिटं झकास गेली. ताई दाराशी उभी होती, कोटाखाली युनिफॉर्म, खांद्याला पर्स. मग शांतता आली. एक, दोन, तीन. चौथ्या मात्रेला दाराशी टाळी वाजली. ताईचीच. आपण अडाणी ठरू नये म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. ताईने घड्याळात पाहिलं, भावाला हात केला आणि वळली.

धाकट्याने माईकसाठी हात पुढे केला. माईक काउंटरवर ग्लासांच्या शेजारी आडवा पडला होता.

"ताई, थांब!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

बँडच्या इतिहासातले हे पहिले शब्द. लोकांना वाटलं, आला एकदाचा गाणारा. "ताई थांब!" पन्नास परक्या गळ्यांनी जमेल तसं उत्तर दिलं. त्या गोंगाटात ताई जिना चढून गेली, आणि बाराव्या मात्रेला घड्याळ बरोबर आत आलं.

गिटार खाली ठेवून चार ढांगा टाकल्या असत्या तर ती जिन्यातच सापडली असती. पण हात सवयीने वाजवत राहिले. आईच्या वेळीही असंच झालं होतं. तीन मिनिटं त्याने ती चाल मिटलेल्या दाराला ऐकवली.

कार्यक्रम संपल्यावर मालक खूश होऊन आला. "गाणारा नाही म्हणे! पण दोनच शब्द का रे? पुढच्या वेळी आणखी दोन घाल."

"होते आणखी दोन," धाकटा म्हणाला. ताईची ड्यूटी संपायच्या आधी, पहाटेचं विमान होतं.

सामान आवरताना ताईचा मेसेज आला. 'छान वाजवतोस. आईला आवडलं असतं. संपल्यावर पहिली टाळी माझी होती, ऐकू आली का?'

त्याने 'संपलं नव्हतं' असं लिहिलं आणि पुसून टाकलं.

'आली,' त्याने कळवलं.