आधी पाणी पाजा

प्लॉट बघायला माणसं टेप घेऊन जातात. आमचे शिवलिंगप्पा रिकामा तांब्या घेऊन जायचे. एजंट चुन्याच्या रेघा दाखवायचा, हे तांब्या पुढं करायचे. "भाव नंतर सांगा. आधी इथलं पाणी पाजा."

आप्पांचं उदगिरात किराणा दुकान, घर आमच्या भिंतीला लागून. शेअर बाजारात निम्मं भांडवल घालवून बसले होते. "नुसती कागदं घेतली मास्तर, कंपनी कुठं हाय ते बी बगितलं न्हाई," हे मलाच काय, गिऱ्हाइकाला साखर जोखतानाही सांगायचे. तेवढ्यात उदगीर जिल्हा होणार अशी हवा उठली आणि माळरानाला सोन्याचा भाव आला. आप्पांनी ठरवलं, घर गहाण टाकायचं, प्लॉट घ्यायचे अन् बुडालेलं सगळं वसूल करायचं. मलाही भरीला पाडलं. दोघांच्या फायली बँकेत तयार, फक्त सह्या बाकी.

त्यात दुष्काळ. आठ माळ फिरलो, तांब्या कोरडाच. एजंटांपुढं लाजेनं माझी मान खाली. नवव्या ठिकाणी एजंट म्हणाला, "कलेक्टर हापिस हितंच येतंय," आणि गाडीतली बाटली तांब्यात ओतायला लागला. आप्पांनी तांब्यावर हात ठेवला. "हे इकतचं हाय. कलेक्टर काय फायली पिणार?"

तिथून थेट बँकेत. साहेबानं पेन पुढं केलं. आप्पांनी स्वतःची फाईल काखेत मारली, माझीही हिसकली आणि म्हणाले, "आमच्या घरांचे कागद वापस द्या." बाहेर पडले ते वरातीत चालावं तसे. जिल्हा अजून झालेला नाही. त्या माळांवर बाभळी माजल्यात, घेणारे हप्ते फेडतायत, आणि आमची दोन्ही घरं आमचीच आहेत.

त्या दिवशी मात्र मी लई चिडलो होतो. घरी आल्यावर विचारलं, "आप्पा, हे तांब्याचं खूळ कुठून काढलंत?"

त्यांनी तांब्या फिरवून दाखवला. काठाखाली कोरलेलं नाव होतं, कलावती. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"तिचे वडील घर बघायला आले. जमीन इचारली न्हाई, दुकान इचारलं न्हाई. आमच्या आडाचं पाणी संगं आणलेल्या ह्याच तांब्यानं पिले, मग म्हणाले, पोरगी दिली. लग्नात तिचं नाव घालून ह्योच दिला. अन् मी तेच घर गहाण टाकायला निघालो होतो, मास्तर."

त्यांनी आडातून पाणी शेंदलं, तांब्या भरून मला दिला. दुष्काळातही तो आड आटला नव्हता. मी घटाघटा प्यालो. राग कुठल्या कुठं गेला.

"रोज येत जावा," आप्पा म्हणाले. "एकट्याला एवढं पाणी लागत न्हाई."