किल्लीवाल्याचे एकोणीस उपग्रह

आपल्या साडेतीन फुटी दुकानाच्या पत्त्यावर एकोणीस उपग्रह नोंदलेले आहेत, हे किल्लीवाल्याला नोटीस घेऊन आलेल्या शिपायाकडून कळलं. त्यांतल्या एकाने शेजारच्या देशाच्या हवामान-उपग्रहाला धडक दिली होती. दुकान आठ दिवसांत सील होणार होतं.

उद्योग मेहुण्याचा. देशाचा अंतराळ कायदा जेमतेम दीड पानाचा. उपग्रह सोडायला एक स्थानिक पत्ता, एक फोटो आणि एक सही पुरे, म्हणून जगभरच्या कंपन्या इथेच रांग लावत. मेहुणा त्यांचा एजंट. “दाजी, नुसती सही करायचीय,” म्हणत त्याने कागद पुढे सरकवला होता आणि बायकोचा भाऊ म्हणून किल्लीवाल्याने तो वाचला नव्हता. आता मेहुणा फोन उचलत नव्हता, आणि माहेरचा विषय निघाला की बायकोला एकदम भांडी आठवत.

अंतराळ विभाग जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीला लागून होता. साहेब भला माणूस. बसायला खुर्ची देऊन त्यांनी विचारलं, “धडक होत होती तेव्हा आपण उपग्रह बाजूला का घेतला नाही?”

“साहेब, तो असतो कुठे तेच मला माहीत नाही.”

साहेबांनी हे लिहून घेतलं आणि ‘मालमत्तेचा ठावठिकाणा दडवणे’ हे कलम वाढवलं. मग रीतसर पाहणी झाली. तिघांच्या समितीने दुकान मोजलं, किल्ल्या कापायचं मशीन उचलून त्याखाली पाहिलं, आणि नोंदलेल्या पत्त्यावर एकही उपग्रह आढळला नाही, असा पंचनामा केला. त्यावर किल्लीवाल्याने सही केली. हा कागद त्याने वाचला होता.

शेवटी साहेबांनाच दया आली. जबाबदारी दुसऱ्याच्या नावे करता येते, ते हळूच म्हणाले. अर्ज आला की सील थांबतं. नोटीस लावायची, तीस दिवसांत हरकत आली नाही, तर संमती धरायची.

“पण दुसरा म्हणजे कोण?”

“कोणीही सज्ञान. लिहिता-वाचता येणारा असला की झालं.”

ओळखीच्यांपैकी कुणाच्या गळ्यात हे घालायला किल्लीवाल्याचं मन धजेना. बराच वेळ पेन चावून त्याने रकान्यात लिहिलं, ‘ही हकीकत वाचणारी व्यक्ती’. साहेबांनी शिक्का मारला. नोटीस कार्यालयाच्या दारामागे लागली. ते दार सदैव उघडं असतं.

मुदत काल संपली. आपली हरकत काही आली नाही. सोमवारी समिती माप घ्यायला येईल, तेव्हा तेवढं घरी थांबा.