आखूड पासचा पक्का बंदोबस्त

आखूड पास कसा अडवायचा, हे अख्ख्या ओहायोत फक्त मला कळतं!

(साडू डुएन विचारतो, "मग सहा वर्षं ताटल्या कोण घासतंय?" त्याचं सोडा.)

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी सासुरवाडीच्या अंगणात आमचा हातांनी खेळायचा फुटबॉल असतो. हरणाऱ्यांनी एकोणीस माणसांची भांडी घासायची. सासूबाईंच्या सोनेरी काठाच्या ताटल्या! मशीनमध्ये घालायच्या नाहीत, आपटायच्या नाहीत, त्यांच्यासमोर आवाजही चढवायचा नाही!

मेहुणी लोर्ना चेंडू फेकते. फेकते कसली, जेवताना मीठ सरकवावं तसा तीन पावलांवर देते! आपण पोचेपर्यंत गडी झेलून पुढे. पुन्हा तीन पावलं. पुन्हा! वाळवीनं दार खावं तसं ही बाई मैदान खाते!

यंदा मी उपाय काढला. झेलणाऱ्याच्या नाकासमोर उभं राहायचं, निघतानाच खांद्यानं अडवायचं. त्याचं पाऊल चुकलं की लोर्नाचा अंदाज चुकला. मधल्या वाटेवर डुएन दबा धरून.

"आणि मागे कोण?" डुएननं विचारलं.

"मागे कशाला? तिला लांब फेकता येतं का?"

लोर्नाकडे एक गडी कमी होता. ती डुएनला मागायला लागली.

"सासूबाईंना धरा ना तुमच्यात!" मी उदारपणे म्हणालो. सासूबाई एक्क्याऐंशीच्या, आणि आत टर्कीपाशी.

"नक्की ना, भावोजी?"

"शब्द म्हणजे शब्द!"

बंदोबस्त असा जमला की लोर्नाला पास द्यायला माणूस मिळेना! बरोबरी. शेवटचा डाव. आम्ही झाडून सगळे पुढे. लोर्ना डावीकडे बघते, उजवीकडे बघते... तेवढ्यात आमच्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार उघडलं. पायऱ्या गोलरेषेच्या आत येतात, आणि तिथे चेंडू झेलला की गुण. रेषा मीच आखली होती.

"टर्की झाली रे!"

"आई, एप्रन पसर!" लोर्नानं डोळे मिटून चेंडू भिरकावला. तो आमच्या डोक्यांवरून गेला आणि एप्रनच्या झोळीत जाऊन बसला.

"अन्याय!" मी कडाडलो. "त्या नुसत्या जेवायला बोलवायला आल्या होत्या!"

"शब्द म्हणजे शब्द, भावोजी!"

"दोन्ही पाय रेषेच्या आत आहेत, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "वाकून बघा हवं तर."

बघितलं. होते.

पण माझा उपाय चुकला म्हणाल तर खबरदार! आखूड पास एकही झाला नाही. एकही!

अकरा ताटल्या झाल्यात. आठ उरल्यात. डुएन, तो टॉवेल दे जरा.

फेकू नकोस रे. हातात दे.